२००८ च्या मंदीत कोल्हापूरच्या बाजाराचं नक्की काय झालं? (पप्पांच्या मेसची वही सापडलीय)

शिरोली_नाका

नमस्कार सगळ्यांना. मी एमए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रबंधाला विषय घेतलाय २००८ चं जागतिक आर्थिक संकट आणि आपला कोल्हापूर भाग. पुस्तकात सगळीकडे एकच वाक्य येतं, की भारताला फारसा फटका बसला नाही, बँका मजबूत होत्या, वाढीचा दर ६.७ टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी सावरला. मी पण तेच लिहून मोकळी झाले असते, पण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर पप्पांच्या मेसची वही सापडली.

पप्पांची तेव्हा शिरोली एमआयडीसीच्या रोडला मेस होती. मी दुसरीत होते, मला फक्त भाकरीच्या पिठाचा वास आणि दुपारची ताटांची गडबड एवढंच आठवतं. वहीत रोजची ताटं लिहिलीत, दुपार वेगळी, रात्र वेगळी, आणि मागच्या बाजूला उधारी. सप्टेंबर २००८ ला दिवसाला १३० ते १४० ताटं. दिवाळीपर्यंत तेच. नोव्हेंबरपासून उतरायला लागतात आणि जानेवारी २००९ मध्ये ५० च्या आसपास येतात. उधारीच्या पानावर नावापुढे पप्पांनी पेन्सिलीनं लिहिलंय "गावी गेला". अशी नावं मोजली, ३८ निघाली. प्रत्येकापुढे दोनशे, चारशे, साडेसहाशे असे आकडे, त्यातले बरेचसे कधी आलेच नाहीत.

आता माझा घोळ असा आहे की त्याच काळात, गुढीपाडव्याला, भुदरगडच्या मामानं नवी मोटारसायकल घेतली, निम्मे पैसे रोख दिले. मामा शेतकरी, दोन म्हशी, दीड एकर ऊस, बाकी काही नाही. मग एकाच जिल्ह्यात एकाची मेस बसते आणि दुसरा गाडी घेतो हे कसं काय? आणि अमेरिकेतली बँक बुडाली तर शिरोलीत ताट कमी व्हायला मधली साखळी नक्की कुठली? त्या काळात ज्यांनी धंदा केला, नोकरी केली, त्यांनी प्लीज लिहा. आकडे मला मिळतात, माणसं काय करत होती ते कुठे मिळत नाही.

---

भट्टीवाला

ताई तुमची वही सांभाळून ठेवा, हे सोनं आहे. मी त्याच रोडला फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर होतो १९९८ पासून, कदाचित तुमच्याकडे जेवलोही असेन.

आमचं काम ग्रे आयर्नचं, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील हाऊसिंग, असली ट्रकची कास्टिंगं. गिऱ्हाईक कंपनी महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचं शेड्यूल पाठवायची. २००८ चा उन्हाळा असा होता की माल पुरा पडत नव्हता, तीन शिफ्ट, रविवार पण चालू, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून भट्टी लावायची. ऑक्टोबरचं शेड्यूल १८० टनांचं आलं. महिन्याच्या मध्यावर मेल आला, होल्ड करा. पहिल्यांदा वाटलं त्यांच्याकडे काहीतरी लाइनचा प्रॉब्लेम असेल. मग एक गाडी माल भरून गेलेली गेटवरून परत आली. भरलेली गाडी परत आलेली मी माझ्या नोकरीत तेव्हा पहिल्यांदा बघितली, अजून डोळ्यासमोर आहे, रात्री साडेदहाला ड्रायव्हर आला आणि म्हणाला साहेब उतरवून घ्या, आतच घेईनात. नोव्हेंबरला शेड्यूल आलं ६० टन. ट्रकवाल्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतलं, म्हणजे आठवडा आठवडा प्लांट बंद. मोठ्या ट्रकचा खप त्या थंडीत निम्म्याहून खाली गेला होता.

तुमच्या वहीत दिवाळीपर्यंत ताटं टिकलीत याचं कारण सांगतो. एक तर ऑक्टोबरचा निम्मा महिना काम होतं, आणि दुसरं म्हणजे बोनस. दिवाळी त्या वर्षी २८ ऑक्टोबरला होती आणि बोनस असतो मागच्या आर्थिक वर्षावर. २००७-०८ जोरात गेलेलं, त्यामुळे बोनस चांगला मिळाला. लोकांनी कपडे घेतले, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. बाजारवाल्यांना वाटलं टीव्हीवर सांगतायत ती मंदी मुंबईची आहे. पाडवा-भाऊबीज झाली आणि पुढच्या सोमवारपासून गेट बंद व्हायला लागले.

पहिले गेले ठेकेदाराचे लोक. फेटलिंगवाले (ओतलेला माल घासून साफ करणारे), माल उचलणारे, कोअर शॉपची (साच्याच्या आतला वाळूचा गाभा करणारी) पोरं. त्यांना कागद नसतो, ठेकेदार सांगतो उद्यापासून येऊ नका, संपलं. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, बहुतेक यूपी, बिहार, ओरिसाचे, ते खोली करून सहा-सहा जण राहायचे आणि जेवण मेसला. तुमची ३८ नावं त्यातलीच असणार. पर्मनंट लोकांचे आठवड्याचे चार दिवस केले, ओव्हरटाइम शून्य. ओव्हरटाइम गेला म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही, पगार घरात जायचा आणि ओव्हरटाइमवर गाडीचा हप्ता, पोरांची शिकवणी, शनिवारचं मटण हे सगळं चालायचं.

आणि भट्टी बंद ठेवली तरी लाइटबिलाचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भाराचा ठरलेला आकार, भरावाच लागतो. मालक रोज सकाळी येऊन मीटरकडे बघत उभे राहायचे. चांगला माणूस होता, कुणाचा पगार बुडवला नाही, घरातले दागिने ठेवून जानेवारीचा पगार केला हे आम्हाला नंतर कळलं.

---

औंधकर

मला वाटतं आपण जरा वाढवून बोलतोय. ६.७ टक्के वाढ म्हणजे मंदी नव्हेच, तिला फार तर मंदावणं म्हणता येईल. अमेरिका-युरोपात अर्थव्यवस्था आकसली तसं इथे झालं नाही. दुचाकींचा खप २००८-०९ मध्ये उलट थोडा वाढलाय, ७२ लाखांवरून ७४ लाखांवर. मोबाइल तर तुफान विकले जात होते. एका एमआयडीसीवरून आख्ख्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये.

---

सांगलीकर_काका

औंधकर, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्याच वर्षी ट्रक-टेम्पोचा देशातला खप ४ लाख ९० हजारांवरून ३ लाख ८४ हजारांवर आला तेही शेजारी मांडा. सरासरीत कुणाचं तरी पोट भरतं आणि कुणाचं तरी रिकामं राहतं. पोरीनं हाच प्रश्न विचारलाय, की एकाच जिल्ह्यात दोन्ही कसं.

मी एका बँकेत कर्ज विभागाला होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बाळा, साखळी विचारलीस ना, ती मी माझ्या टेबलावरून जशी दिसली तशी सांगतो.

अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ ला. आपल्या बँकांकडे त्यांचे कागद, म्हणजे कर्जरोखे, फारसे नव्हते, खरंय. पण परदेशी गुंतवणूकदारांनी इथून पैसे काढून न्यायला सुरुवात केली, रुपया वर्षाच्या सुरवातीला ३९ ला होता तो ५० वर गेला. ज्या मोठ्या कंपन्या बाहेरून स्वस्तात कर्ज घ्यायच्या त्यांचा बाहेरचा नळ बंद, मग त्या आल्या इथल्या बँकांच्या दारात आणि म्युच्युअल फंडातले ठेवलेले पैसे काढायला लागल्या. आता त्या फंडांचा पैसा कुठे होता? बराचसा फायनान्स कंपन्यांच्या कागदात. फंडांनी नवे कागद घेणं थांबवलं की फायनान्स कंपनीकडे ट्रकला कर्ज द्यायला पैसा नाही. आपल्याकडे ट्रक रोखीनं कोण घेतो? शंभरातले नव्वद-पंच्याण्णव हप्त्यावरच. कर्ज थांबलं, ट्रक थांबला, ब्रेक ड्रम थांबला, मोल्डर गावी गेला, ताट कमी झालं. एवढीच साखळी आहे. ऑक्टोबरात बँका एकमेकांना एका रात्रीसाठी पैसे द्यायला वीस टक्क्यांच्या आसपास व्याज मागत होत्या, यावरून काय हवा होती ते बघ.

पण त्याहून वाईट गोष्ट माझ्या टेबलावर घडत होती आणि ती पुस्तकात कमी येते. कारखानदाराला सीसी (कॅश क्रेडिट, मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं कर्ज) असते, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट (माल किती, येणं किती त्याचा तक्ता) द्यायचं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्षात किती उचलता येईल ते, काढायची. समजा त्यानं जुलैत पिग आयर्न चढ्या भावानं भरून ठेवलं. डिसेंबरात लोखंडाचे भाव कोसळले, म्हणजे गोदामात माल तेवढाच पण किंमत कितीतरी कमी. येणं बाकी आहे ते ४५ दिवसांत यायचं ते १२० दिवसांवर गेलं, आणि ९० दिवसांच्या वरचं येणं आम्ही धरत नाही. म्हणजे माणसाला पैशाची सगळ्यात जास्त गरज असताना त्याची मर्यादा आपोआप खाली येते. आणि मी नियमानं ती खाली आणत होतो. एक जण समोर बसून म्हणाला, साहेब माल विकला गेलाय, गिऱ्हाईक मोठं आहे, पैसे बुडणार नाहीत, फक्त उशीर आहे, तुम्ही पण हात काढला तर मी कुणाकडं जाऊ. त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्याचा चेहरा आठवतो.

रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबरपासून भराभर पावलं उचलली, सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा) ९ टक्क्यांवरून ५ वर, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना देते त्या पैशाचा व्याजदर) ९ वरून पुढच्या एप्रिलपर्यंत पावणेपाचवर. ते योग्यच होतं. पण वर सोडलेलं पाणी शेताच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, आमच्याकडच्या छोट्या खातेदाराला त्याचा उपयोग दिसायला पुढचा उन्हाळा उजाडला.

---

खर्चीवाला_इचल

काकांनी ड्रॉइंग पॉवरचं जे सांगितलं ते आमच्याकडं सुताच्या बाबतीत उलट्या बाजूनं झालं. मी इचलकरंजीत खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याची बीमं (उभ्या धाग्याची गुंडाळी) आणून विणून द्यायची, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. साधे आठ माग होते तेव्हा.

त्या वर्षी कापसाचा हमीभाव सरकारनं एकदम वाढवला, लांब धाग्याला २,०३० होता तो ३,००० रुपये क्विंटल केला. आणि नेमका त्याच हंगामात जगात कापसाचा भाव पडला. मग सरकारच्या कापूस महामंडळानं, सीसीआयनं, हमीभावानं ढीगभर कापूस उचलला. विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, झालाच पाहिजे, त्यांची अवस्था काय होती सगळ्यांना माहीत आहे. पण सूत काही खाली येईना आणि कापडाला मात्र गिऱ्हाईक नाही, कारण तयार कपडे बाहेर जायचे थांबले तो सगळा माल देशातल्या बाजारात आला. व्यापारी मधे सापडला आणि त्यानं मजुरी कापली. पिकामागं अर्धा पैसा कमी म्हणजे ऐकायला काही वाटत नाही, पण आठ माग चालवणाऱ्याचा आठवड्याला कांडीवालीचा (कांड्या भरणाऱ्या बाईचा) पगार त्यात जातो.

आमच्याकडं आठवड्याचा पगार. कामगार पगार झाला की बाजार करतो, म्हणजे मंदी आली का नाही ते आठ दिवसात भाजीवालीला कळतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बाई बसायची, ती मला म्हणाली, भाऊ, लोक पाव किलोवरनं पाच रुपयाचं द्या म्हणायला लागलेत. म्हणजे वजन सांगायचं सोडून पैशात मागायला लागले. मला तेव्हा कळलं की हे लांबणार.

दुसरं म्हणजे भिशी. आमची वीस जणांची भिशी होती, महिन्याला दोन हजार, बारा वर्षं चाललेली. फेब्रुवारीत फुटली. तिघांनी आधी उचललेली आणि पुढचं भरायला त्यांच्याकडं नाहीच. भांडण नाही झालं कारण सगळ्यांना सगळ्यांची परिस्थिती माहीत होती, पण परत ती भिशी बसली नाही. बँकेत कर्ज न मिळणाऱ्या माणसाचा तोच तर एक आधार होता, मागाचा पार्ट मोडला, पोरीचं लग्न, दवाखाना, सगळं त्यावरच.

---

पिग्मीताई

मी पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करायचे, शाहूपुरी आणि स्टँड परिसर. संध्याकाळी पाच ते नऊ, सायकलवर, नंतर स्कूटी. मला वाटतं बाजाराची नाडी पिग्मीवाल्याइतकी कुणालाच कळत नाही.

टपरीवाला रोज शंभर भरायचा तो पन्नासवर आला, मग वीसवर, मग म्हणाला ताई एक दिवसाआड या. स्पेअर पार्टच्या दुकानांनी तर पिग्मी मुदतीच्या आधी मोडली. पण सगळीकडे असं नव्हतं. गुळाच्या व्यापाऱ्यांचं नीट चालू होतं. मेडिकलवाल्यांचं काही हललं नाही. फरसाणवाल्याचं पण नाही. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक होतं पण लग्नाचं, म्हणजे करायलाच लागणारं. फर्निचरवाला मात्र पार बसला, सोफा पुढच्या वर्षी घेतला तरी चालतो ना. सोनाराकडे वेगळीच गर्दी. जगात सगळं स्वस्त होत होतं पण रुपया पडल्यानं सोनं काही खाली येईना, फेब्रुवारीत तर दहा ग्रॅमला १५,००० च्या वर गेलं. तेव्हा गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, लोक सोनं घ्यायला कमी आणि मोडायला जास्त यायचे. बायका पदराखाली पुडी धरून यायच्या, माझ्याकडे बघून नजर चुकवायच्या, कारण मी त्यांच्याच गल्लीत पिग्मीला जायचे. मी पण तोंड फिरवून घ्यायचे, दुसरं काय करणार.

खर्च कमी करायची पण एक रीत असते बघ. आधी बाहेरचं खाणं बंद होतं, मग कपडे, मग दुधाचा रतीब एक लिटरचा अर्धा. शाळेची फी सगळ्यात शेवटी. माझ्या एरियात फीसाठी पिग्मी मोडणारे खूप बघितले, पण फी भरली नाही म्हणून पोर काढलं असं एकच घर बघितलं.

---

डिचोलीकर

गोव्यातून लिहितोय, विषय कोल्हापूरचा आहे पण साखळीचं म्हणाल तर आमची फारच थेट होती. इकडे लोखंडाचं खनिज सगळं बाहेर, बरंचसं चीनला, आणि आमच्या मालाची सौदेबाजी बहुतेक त्या त्या वेळच्या भावावर. २००७-०८ मध्ये भाव असे चढले की डिचोली-सत्तरी-सांगेत ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे तो तारण ठेवून टिपर (खनिज वाहायचा ट्रक) घेत होता. माझ्या भावानं पण घेतला, ऑगस्टमध्ये.

ऑक्टोबरमध्ये चीनच्या पोलाद गिरण्यांनी माल घेणं थांबवलं. आणि फक्त मागणी गेली असं नाही. जहाज निघायला बँकेची एलसी, म्हणजे पैसे मिळतील अशी हमी, लागते, आणि त्या महिन्यात एका बँकेचा दुसऱ्या बँकेच्या कागदावर विश्वासच उरला नव्हता. जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे महिन्यात ११,७९३ होता तो डिसेंबरात ६६३ वर आला. मांडवीत बार्ज, खनिज नेणाऱ्या सपाट बोटी, नांगरून पडलेल्या, आम्ही लहानपणापासून रोज बघायचो की बार्ज जातायत, रिकामी नदी बघून आई म्हणाली कोण वारलंय की काय. टिपरच्या फेऱ्या दिवसाला सहाच्या दोन झाल्या, हप्ता तेवढाच. त्यात २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला आणि ऐन सीझनात परदेशी पाहुण्यांनी पण बुकिंग रद्द केली.

पण आमचं लवकर सावरलं हेही खरं. चीननं नोव्हेंबरमध्येच चार लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं, रस्ते-रेल्वे बांधायला घेतले, त्यांना पोलाद लागलं. इकडे केंद्रानं डिसेंबरात खनिजाच्या चुऱ्यावरचं निर्यात शुल्क काढलं. २००९ च्या मध्यापर्यंत बार्ज परत चालू. आणि लोकांनी त्यावरून असा धडा घेतला की हे काय, चार महिन्यांचं असतं, आणखी टिपर घेतले. २०१२ ला खाणबंदी आली तेव्हा ते सगळे त्यात अडकले. माझा भाऊ पण.

---

खेडचा_माणूस

थोडंसं आमच्याकडचं. रत्नागिरी जिल्ह्यात खेड-चिपळूणकडे घरटी एक माणूस आखातात. रुपया पडला तर आमच्याकडे पहिले काही महिने उलट पैसे जास्त आले, दिरहम पावणेअकराचा साडेतेराला गेला, तोच पगार पण घरी येणारी रक्कम वाढली. अर्धवट घरांवर स्लॅब पडले. मग २००९ मध्ये दुबईतली बांधकामं थांबली आणि माणसंच परत यायला लागली. म्हणजे कोल्हापुरात ताटं कमी झाली तेव्हा इकडे सिमेंट विकलं जात होतं, आणि तिकडे सुधारायला लागलं तेव्हा आमचं पडलं. तुमच्या प्रबंधात हे वेळेचं अंतर घ्या, सगळीकडे एकाच महिन्यात झालं असं लिहू नका.

---

शिरोली_नाका

काय बोलू, इतकं सगळं दोन दिवसांत. सगळ्यांचे मनापासून आभार. काका, स्टॉक स्टेटमेंटचं मला आजपर्यंत कुणीच असं समजावलं नव्हतं, वर्गात पण नाही. पण मामाच्या गाडीचं अजून कुणी सांगितलं नाही. मामाला फोन करून विचारलं तर म्हणतो दुधाच्या बिलातून घेतली. मला वाटलं होतं कर्जमाफीतून असेल, त्याच वर्षी ७१,००० कोटींची केंद्राची माफी होती ना?

---

सांगलीकर_काका

मामा बरोबर सांगतोय. माफी थकबाकीदाराला होती, आणि कोल्हापूर-सांगलीला ऊसवाल्याची वसुली कारखान्यातूनच परस्पर होते, त्यामुळे इकडं नियमित भरणारेच जास्त. कोल्हापुरात तर कर्जमर्यादेच्या वरची म्हणून ११२ कोटींची माफी नंतर नाबार्डनं अपात्र ठरवली आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. मामासारख्या दीड एकरवाल्या नियमित माणसाच्या हातात त्यातून रोख काही पडलं नसणार.

दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं. अमेरिकेत काय झालं याचा म्हशीला पत्ता नाही, आणि मुंबई-पुण्याच्या माणसानं बाकी काही कमी केलं तरी पोराचं दूध तोडायला त्याचा हात धजत नाही. पिग्मीताईंनी रतीब निम्मा झाल्याचं लिहिलंय ते त्यांच्या एरियातलं, सगळीकडे तसं नव्हतं. शिवाय २००८-०९ मध्ये राज्यात ऊस कमी पडला, साखर ९१ लाख टनांवरून ४६ लाखांवर आली, त्यामुळे साखरेचे भाव चढले आणि ज्याच्या रानात ऊस होता त्याच्या मागे कारखाने लागले. त्यात शिक्षक आणि सरकारी नोकरांना सहावा वेतन आयोग, राज्यात तो २००९ ला लागू झाला. म्हणजे जिल्ह्यात तीन वेगवेगळे खिसे होते, एमआयडीसीचा रिकामा झाला, दूध-ऊसवाल्याचा शाबूत राहिला, आणि पगारदाराचा थोडा फुगला. गाडीचं शोरूम चाललं ते मागच्या दोघांवर. तुझ्या पप्पांचं गिऱ्हाईक मात्र फक्त पहिल्यातलं होतं.

---

औंधकर

काका, पटलं. मी सरासरीच बघत होतो. ताई, माझ्याकडे त्या काळातले वाहनविक्रीचे महिन्यावार आकडे जमवून ठेवलेत, हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो. वहीतल्या ताटांच्या शेजारी ठेवून बघा.

---

भट्टीवाला

ताई एक काम करा. वहीत ताटं परत कधी चढली ते बघा. आमच्याकडे केंद्रानं डिसेंबरात अबकारी चार टक्क्यांनी कमी केली, जानेवारीत ट्रक घेणाऱ्याला प्राप्तिकरात ५० टक्के घसारा धरायची सवलत दिली, शहरांना बस घ्यायला पैसे दिले, त्याचा परिणाम म्हणून २००९ च्या पावसाळ्यानंतर शेड्यूल परत भरायला लागली. पण त्या वर्षीच्या दिवाळीचा बोनस निघाला पडलेल्या वर्षावर, म्हणजे काम आलेलं आणि बाजार तरी थंडच. माझा अंदाज ताटं जानेवारी २०१० च्या पुढे शंभर पार गेली असतील.

---

शिरोली_नाका

दादा, आत्ता बघून आले. फेब्रुवारी २०१०, दुपारची आणि रात्रीची मिळून ११८. तुम्ही म्हणालात तसंच.

पण एक गोष्ट दिसली. नावं बदललीत. "गावी गेला" मधली ३८ नावं नवीन पानावर एकेक करून शोधली, ९ सापडली. त्यातल्या एकापुढे पप्पांनी लिहिलंय "जुने ४४० जमा, पेढे दिले". बाकीचे २९ कुठेच नाहीत. पप्पांना विचारलं तर ते बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि तीन-चार नावांची माणसं कशी होती, कुणाला भात लागायचा, कुणाला तिखट चालायचं नाही, ते सांगायला लागले.

---

भट्टीवाला

आमच्याकडे पण तसंच झालं. फोन करून बोलवायचा प्रयत्न केला मालकांनी, तेव्हा सगळ्यांकडे मोबाइल नव्हते, गावच्या दुकानाचा नंबर असायचा. काही गुजरातला लागले, काही दिल्लीकडे, काही म्हणाले आता इतक्या लांब नको, इथंच रोजगाराचं काम मिळतं. नवीन पोरं घेतली. वाळूत हात बसायला वर्ष जातं हो, किती ओल, किती ठोकायचं हे कागदावर लिहून येत नाही. २०१० ला ऑर्डर भरपूर होत्या आणि आमचं रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, वाढलेलं, पार त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत. एक जुना मोल्डर होता, सिलिंडर हेडचा साचा त्याच्यासारखा कुणाला जमला नाही. जेवायला तो तुमच्याच रोडला जायचा. वहीच्या सुरवातीच्या पानांवर रात्रीच्या ताटाला रोज फक्त भात लिहिलेला कुणी दिसतोय का बघा, असेल तर तोच.